शरयूताईंची तार

शरयूताईंनी मला पाहिलं, ते मी त्यांच्याकडे राहायला येऊन तीन दिवस झाल्यावर. त्याआधी त्यांनी मला फक्त ऐकलं होतं.

रेवदंड्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती आणि राहायला जागा शोधत मी चौलातल्या त्यांच्या वाडीत पोचलो होतो. त्या मागच्या दारी सुपाऱ्या वाळत घालत होत्या. पुढे न येताच त्यांनी मला नाव, गाव आणि शिकवायचे विषय विचारले. मी ओटीवरूनच, बाजूच्या रिकाम्या खोलीत खिडकीतून डोकावत उत्तरं दिली.  मग आतून आवाज आला, "घाटावरचे आहात. सर्दी झालीय. खोली तुम्हाला फारशी आवडलेली नाही, पण दुसरीकडे मिळत नाहीये. चावी खिडकीत आहे, घ्या."

चारही गोष्टी खऱ्या होत्या. मी चावी घेतली आणि चार वर्षं राहिलो.

ताईंनी सगळी नोकरी अलिबागच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. सुरुवातीची वर्षं ट्रंक कॉलची, म्हणजे हातानं जोडून द्यायच्या, तीन-तीन मिनिटं मोजायच्या परगावच्या फोनची. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, आणि अर्ध्या तालुक्याची सुखदुःखं त्या एका बाईच्या कानातून मुंबईला जायची आणि परत यायची. पुढे यंत्रं आली, फळा गेला, ताई हिशेबाच्या टेबलावर बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. विचारलंच कुणी तर म्हणायच्या, "इतक्या लोकांचे संसार ऐकले, पुरे झाले."

त्या नोकरीच्या काही सवयी त्यांना चिकटल्या होत्या, आणि त्या सोडवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. घरी कुणी आलं की त्या त्याला शांतपणे बोलू देत. मग एकाएकी, वाक्य अर्धवट असतानाच म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" पहिल्यांदा येणारा गोंधळून जायचा. विम्याचे एक गृहस्थ तर घाईघाईनं हो म्हणाले आणि मग पुढं काय बोलायचं ते विसरले. आमचे मुख्याध्यापक एकदा शाळेच्या वर्गणीसाठी आले होते, त्यांनाही हेच ऐकावं लागलं. ते बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "या बाईंना आपल्या शिक्षक-पालक सभेला आणता येईल का?"

पण ऐकलेलं सांगायचं नाही, हा त्यांचा खरा नियम. माझ्या खोलीची आणि त्यांच्या माजघराची भिंत एकच होती, आणि तीही कुडाची. माझे सगळे फोन त्यांना ऐकू जात असणार. एकदा संध्याकाळी गावाहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी कुणाला काही बोललो नाही. सकाळी दारात मऊभाताचं पातेलं होतं आणि ताई अंगण झाडत होत्या. झाडता झाडता म्हणाल्या, "सव्वासातची अलिबाग गाडी मिळाली तर पुढची स्वारगेट मिळते." एवढंच. वडील बरे झाले, मी परत आलो, त्यांनी काही विचारलं नाही. मी सांगायला लागलो तेव्हा मात्र सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

निवृत्तीनंतर त्यांचे कान रिकामे पडले. हे त्यांचेच शब्द. घर शांत, वाडी शांत, आणि अख्ख्या आयुष्याची सवय कशी मोडणार? मग त्यांच्या भाच्यानं आखातातून एक रेडिओ आणून दिला. वहीएवढा, काळा, लघुलहरींचे म्हणजे शॉर्टवेव्हचे पट्टे असलेला. त्यावर रोज दिवेलागणीच्या सुमाराला त्या खिडकीशी बसून जग ऐकायच्या. गाणी, बातम्या असं काही नाही. ऐकायचं ते लांबचं. जितकं लांबचं, अस्पष्ट, खरखरीच्या आड लपलेलं, तितका त्यांचा चेहरा उजळायचा. रेडिओच्या बाजूला एक छोटा खटका होता, एकीकडे 'दूर' आणि दुसरीकडे 'जवळ' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. तो खटका त्यांनी 'दूर'वर ठेवून त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली होती. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "जवळचं ऐकायला रेडिओ कशाला? खिडकी आहे."

एखादं केंद्र ऐकलं की त्या त्याला पत्र लिहीत. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी तुमचा आवाज आला, आणि असा असा आला. पत्र पटलं तर ते केंद्र एक रंगीत कार्ड पाठवतं, की होय, ते आम्हीच होतो. ही हौस जगभर पुष्कळांना असते, हे मला तिथंच कळलं. ताईंनी अशी कार्डं साडीच्या खोक्यात जपून ठेवली होती.

त्यांचं इंग्रजी सरकारी होतं आणि प्रामाणिक होतं. दक्षिण अमेरिकेतल्या एका केंद्राला त्यांनी लिहिलं, की आपल्या केंद्रावर एक बाई वीस मिनिटं न थांबता तक्रार करत होती, तिचं काम व्हावं. दोन महिन्यांनी कार्ड आलं. मागे कुणीतरी हातानं लिहिलं होतं, की त्या आमच्या ज्येष्ठ वृत्तनिवेदिका आहेत आणि आपला अभिप्राय त्यांना कळवण्यात आला आहे. ताईंना यात विनोद दिसला नाही. "कळवला ना, झालं," म्हणाल्या आणि कार्ड खोक्यात ठेवलं.

पत्रात आवाजाला पाच गुण द्यायची एक पद्धत असते. जोर किती, दुसऱ्यांचा अडथळा किती, खरखर किती, चढउतार किती आणि एकंदर किती, प्रत्येकाला पाचपैकी. ताई ही पद्धत सगळ्यांनाच लावायच्या. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला आल्या होत्या, तिथं पाहुण्यांचं भाषण संपल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "जोर पाच, एकंदर दीड." माझ्या होणाऱ्या बायकोला मी त्यांच्या भेटीला आणलं तेव्हा मला याचीच धास्ती होती. ती गेल्यावर बराच वेळ त्या सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "खरखर अजिबात नाही. करून टाका."

तर ही तार.

रेडिओला आवाज पकडायला एक दांडी असते, पण लांबचं ऐकायला ती पुरत नाही. त्याला तांब्याची तार जोडतात. ताईंनी रेवदंड्याला पंपाच्या मोटारी बांधणाऱ्याकडून तार आणली होती आणि खिडकीपासून कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत बांधली होती. साधारण तीन वाव. लांबी त्या कोळ्यांसारखी वावांत मोजायच्या, दोन्ही हात पसरून. तार झाडाला थेट टेकू नये म्हणून मधे मधे मासेमारीच्या जाळ्याच्या जुन्या बोया अडकवलेल्या. तीन वावांची पुढं आठ झाली, मग बारा. लांब तार म्हणजे लांबचा आवाज, असा त्यांचा सरळ हिशोब होता, आणि मलाही त्यात काही चूक दिसत नव्हती. मी इतिहास शिकवतो.

माझ्या चौथ्या वर्षी, पौषात, कोलकात्याच्या कुणा श्रोत्यानं काढलेल्या चारपानी पत्रिकेत एक बातमी आली. पॅसिफिक महासागरातल्या एका लहानशा बेटाचं केंद्र फेब्रुवारीच्या अखेरीला कायमचं बंद होणार होतं. ताईंनी पत्रिका खाली ठेवली आणि चष्मा काढला. हे केंद्र त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, दीड-दोन मिनिटं. मुलं काहीतरी म्हणत होती आणि एक माणूस खोकला. मग सगळं बुडालं. एवढ्यावर पत्र लिहिता येत नव्हतं आणि कार्ड मागता येत नव्हतं. पुन्हा ऐकू येईल म्हणून त्या चार वर्षं थांबल्या होत्या.

"पंचेचाळीस दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "तार वाढवायला हवी."

तार वाढवायची तर ती उंच न्यायला हवी, आणि सगळ्यात उंच माड दिगूभाऊंच्या वाडीत होता. इथंच सगळं अडत होतं, कारण दिगूभाऊ आणि ताई तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दिगूभाऊंची वाडी ताईंच्या वाडीला लागून, मधे कोरांटीचं कुंपण. माणूस दिलदार, पण आवाज असा, की ते मागल्या दारी गाईला हाक मारत आणि माझ्या खोलीतला पेला हलत असे. तीस वर्षांपूर्वी ती वाडी दोघा भावांची होती, दिगू आणि सदा. दिगूभाऊंच्या मनात आलं, की वाटण्या करून विहिरीकडची बाजू आपल्याला घ्यावी. त्यांनी मुंबईला मेव्हण्याला ट्रंक कॉल लावला, मेव्हणा वकिलाकडे कारकून होता, त्याला सगळं गुपचूप सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सदाभाऊंना शब्दन्‌शब्द माहीत होता. ते एक शब्द बोलले नाहीत. आपली बाजू विकली, मुंबईला गेले, ते आजपर्यंत परत आले नव्हते.

दिगूभाऊंनी विचार केला. बोलणारा मी, ऐकणारा मेव्हणा, आणि मधे फक्त एक माणूस. एक्सचेंजमध्ये तेव्हा शरयू होती. त्यांनी ते गावभर सांगितलं. काही दिवस लोक फोन लावायच्या आधी विचारायचे, ड्युटीवर कोण आहे? ही एक गोष्ट ताईंनी मला स्वतःहून सांगितली, आणि सांगताना त्या तारेचं वेटोळं सारखं करत होत्या.

त्या माडासाठी ताई कुंपणापर्यंत गेल्या. मला बरोबर नेलं. पलीकडे दिगूभाऊ उभे होते, तीन हातांवर.

"मास्तर," ताई मला म्हणाल्या, "त्यांना विचारा, तुमच्या माडाला एक तार बांधू द्याल का."

मी विचारलं. दिगूभाऊंनी ऐकलंच होतं, पण मी संपवेपर्यंत थांबले. मग मला म्हणाले, तिला सांगा, तिची हिंमत मोठी हाय. मी ताईंकडे वळून म्हटलं, की त्यांना जरा आश्चर्य वाटतंय. त्यावर दोघंही माझ्यावर चिडले. ताई म्हणाल्या, "मधल्या माणसानं शब्द बदलायचे नसतात." मान हलवून दिगूभाऊंनी पहिल्यांदाच त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

मग त्यांनी अट घातली. "तिला सांगा, माड देतो. फकस्त एकदा सांगायचं, माझं बोलणं सदाला तिनं पोचवलं का नाय. हो म्हटलं तरी चालंल. मला कळायला पायजे."

मी ते जसंच्या तसं पोचवलं. ताईंनी थोडा वेळ त्या माडाच्या शेंड्याकडे पाहिलं. "त्यांना सांगा, मी ऐकलेलं सांगत नाही." आणि वळून घरी आल्या.

मी मागून येत म्हणालो, ताई, तुम्ही सांगितलं नव्हतं ना, मग नाही म्हणायला काय हरकत होती? त्यांनी मला वर्गात बसवल्यासारखं ओटीवर बसवलं. म्हणाल्या, "आज यांना नाही म्हटलं, तर उद्या दुसरा विचारेल, माझं सांगितलं होतंत? त्याला नाही म्हटलं, आणि तिसऱ्याच्या वेळी गप्प बसले, तर तिसऱ्याचं सांगितलं असा अर्थ होतो. म्हणून कुणालाच काही नाही. आम्हाला तसंच शिकवलंय." ते शिकवणाऱ्यांपैकी एव्हाना कुणी हयात नसावं. 

माड नाही तर नाही. ताईंनी मग आपल्याच वाडीत तार फिरवायला सुरुवात केली. खिडकीपासून कुंपणाच्या खांबाला, तिथून सुपारीच्या रांगेतून गोठ्यापर्यंत, गोठ्यावरून विहिरीच्या रहाटाला, तिथून परत आंब्याला. शाळा सुटली की मी शिडी धरायला. पन्नास वाव तार झाली. कामाला येणाऱ्या सुगंधानं दुसऱ्याच दिवशी तिच्यावर दोन चादरी आणि माझा सदरा वाळत घातला. गावात कुणी म्हणालं, शरयूताई वाडीला कुंपण घालतायत, पण वरून.

संध्याकाळी ताईंनी तारेचं टोक चिमट्यानं रेडिओच्या दांडीला लावलं, आणि सगळीकडे मुंबई लागली.

म्हणजे अक्षरशः सगळीकडे. मध्यलहरींवर मुंबईचं केंद्र लागायचंच, आमच्या किनाऱ्यावर ते पाण्यावरून थेट येतं, मधे एक टेकाड नाही. पण आता ते लघुलहरींवरही लागत होतं. काटा कुठंही न्या, एक गृहस्थ आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी करायची फवारणी समजावत होते. ताईंनी काटा थोडा सरकवला. तुडतुडे. आणखी सरकवला. भुरी रोग. जिथं रोज एक चिनी बाई बोलायची तिथंही भुरी रोग, फक्त जरा घोगरा.

"मास्तर," ताई गंभीरपणे म्हणाल्या, "ब्राझीलमध्येसुद्धा मोहोराला भुरी आलेली दिसते."

त्यांनी तार आणखी वाढवली. साठ वाव. आता रेडिओ नुसता कण्हायला लागला, आणि त्या कण्हण्यातून मधूनच तो गृहस्थ गंधकाचं प्रमाण सांगायचा. ताईंना वाटलं, तार अजून कमी पडतेय. मोटारवाल्याकडची तार संपली तेव्हा त्यांनी मला अलिबागला पाठवलं; मी आणलेलं वेटोळं अजून चढवायचं होतं. फेब्रुवारी निम्मा सरला होता. त्या जेवायला बसायच्या तरी कान खिडकीकडे. वजन उतरलं. एक दिवस म्हणाल्या, "मला वाटतं, माझेच कान गेले," आणि त्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली.

इकडे दिगूभाऊंचे कोवळे नारळ गळत होते. नारळ दर वर्षी थोडे गळतात, पण या वर्षी शेजारी तार होती. ते आपल्या अंगणातून समुद्राला ऐकू जाईल असं म्हणायचे, की वीज खेचतेय ती तार, माडाचा जीव ओढतेय. एका रविवारी वाऱ्यानं कुंपणापाशी तार झुकली आणि वीतभर त्यांच्या हद्दीत गेली. दिगूभाऊ कोयता घेऊन आले, कुंपणाच्या खांबापाशी उभे राहिले, मोठ्यानं तीन वेळा "माझी हद्द हाय" म्हणाले आणि एका घावात तार तोडली. सत्तावन्न वाव तार सुपारीच्या रांगेतून सळसळत खाली आली. दोन चादरीही आल्या.

ताई बाहेर आल्या. त्यांनी तुटलेलं टोक उचललं, पाहिलं आणि खाली ठेवलं.  संध्याकाळी मला कागद आणि पेन घेऊन बसवलं. पोलिसांत तक्रार द्यायची होती. "विषय," त्या सांगू लागल्या, "शेजाऱ्यानं हेतुपुरस्सर तार तोडल्याबाबत. महोदय, मी खाली सही करणारी..."

रेडिओ खिडकीत तसाच चालू होता, खिडकीपासून खांबापर्यंत उरलेल्या तीन वाव तारेवर. मी 'सही करणारी' लिहीत होतो आणि ताईंचा हात वर झाला. मी थांबलो.

मुलं गात होती. अगदी लहान आवाजात, पण स्वच्छ. तुडतुडे नव्हते. कण्हणं नव्हतं. गाणं संपलं आणि एक माणूस इंग्रजीत बेटाचं नाव सांगून, थोडा खोकून, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचू लागला.

"लिहा," ताई कुजबुजल्या. "सहा वाजून एकेचाळीस. जोर तीन. अडथळा काही नाही." मी लिहीत गेलो. त्या कागदाच्या वरच्या चार ओळी पोलिसांना होत्या आणि खालची दीड पानं पॅसिफिकला.

अर्ध्या तासानं आवाज बुडाला. ताईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "एक्सचेंजमध्ये हेच व्हायचं. जवळचं गिऱ्हाईक ओरडायला लागलं की सगळ्या लायनींत त्याचाच आवाज पाझरायचा. तेव्हा आम्ही त्याची लाइन ढिली करायचो. आणि इथं मी महिनाभर तार वाढवून मुंबईलाच आणखी जवळ ओढत होते." त्यांनी उठून रेडिओच्या खटक्यावरची चिकटपट्टी नखानं काढली. तिच्याखाली पांढरा चौकोन राहिला होता.

"जा," मला म्हणाल्या, "दिगूभाऊंना सांगा, आभारी आहे."

मी शब्द बदलले नाहीत. दिगूभाऊ गोठ्यात होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षांत त्या बाईकडून त्यांना पहिलाच आभाराचा निरोप आला होता, तोही तार तोडल्यावर, आणि त्यात शिवी नव्हती. हे काहीतरी कोर्टाचं आहे असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. ताई खिडकीशी, रेडिओवर बेटावरचा माणूस बोलत होता. "मास्तर, तिला इचारा," दिगूभाऊ म्हणाले, आणि त्या आवाजाखाली बेट ऐकू येईनासं झालं. "आभार कसले? मला कोर्टात खेचायचा इचार हाय काय? तसं आसल तर तोंडावर सांगा म्हणावं."

मी ताईंकडे वळलो. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्या सरळ दिगूभाऊंकडे पाहत होत्या.

"दिगूभाऊ, जरा हळू," त्या म्हणाल्या. "जवळचा माणूस मोठ्यानं बोलला की लांबचं काही ऐकू येत नाही."

दिगूभाऊ दचकले. तीस वर्षांनी लाइन थेट लागली होती. "मी?" ते म्हणाले. "मी काय मोठ्यानं बोलतो?"

त्यांच्या वाडीपलीकडच्या वाडीत म्हातारे यशवंतकाका भाजीला पाणी घालत होते. तिथून उत्तर आलं, रागानं नाही, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. "व्हय रं दिगू. बोलतोस."

मला हसू आलं, पण दिगूभाऊंचा चेहरा पाहून ते गेलं. ते हळूहळू पायरीवर बसले.  मग ज्याला ते हळू समजत होते त्या आवाजात माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिवशी मी वाण्याच्या दुकानातनं बोललो होतो. लाइन खराब होती. मेव्हणा सारखा म्हणत होता, ऐकू येत नाय, ऐकू येत नाय." त्यांनी हात तोंडाशी नेला. "पण मी तोंडावर हात धरला होता."

 रेडिओवर भरती-ओहोटीच्या वेळा चालू होत्या.

"बाजाराचा दिवस होता," ते म्हणाले.

ताईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मानही हलवली नाही. तीस वर्षं त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनीच तो कॉल जोडला होता आणि त्यांच्याच कानात दिगूभाऊंच्या आवाजामागे बाजारातली माणसं गप्प होताना ऐकू आली असणार. पण ते सांगणं म्हणजे ऐकलेलं सांगणं. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि उठल्या. "चहा ठेवते," म्हणाल्या. चालू केंद्र सोडून त्या उठल्याचं मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी शहाळ्यांचा घड होता. आणि दिगूभाऊंनी स्वतः गावात फिरून सांगितलं, की शरयूनं काही सांगितलं नव्हतं, चूक माझी. त्यांच्या आवाजामुळे हे काम एका सकाळीत उरकलं. बाजारात तेव्हा असलेले दोन म्हातारे म्हणाले, आम्हाला ठाऊक होतं, पण तुला कोण सांगणार? यावर त्यांची आठवडाभर नवी भांडणं झाली.

मात्र एक नवीनच संकट उभं राहिलं. दिगूभाऊंना आता आपला माड द्यायचाच होता. अलिबागहून आणलेली तार ते स्वतःच शेंड्याला बांधायला निघाले. ताई म्हणाल्या, नको, आता आखूडच बरी. ते म्हणाले, आदी मागत होतीस, आता देतो तर नको? ताईंनी त्यांना अडथळा, पाझर, जोर सगळं समजावलं. त्यांना एवढंच समजलं, की आपला माड नाकारला जातोय. शेवटी ताईंनी ती सगळी तार त्यांना देऊन टाकली, आणि त्यांनी तिच्यावर पडवळाचा मांडव घातला. इतका महागाचा मांडव पंचक्रोशीत नव्हता.

महिनाअखेरीला बेटाचं शेवटचं प्रसारण झालं. दिगूभाऊ घरची खुर्ची घेऊन आले आणि तोंडावर हात धरून बसले. त्या माणसानं भरतीच्या वेळा वाचल्या, नेहमीसारखा खोकला, ऐकणाऱ्यांचे आभार मानले. मुलांचं गाणं झालं. मग एक लांब सूर, आणि मग काही नाही. ताईंनी काटा हलवला नाही. ती रिकामी खरखर आम्ही तिघांनी बराच वेळ ऐकली.

"संपलं?" दिगूभाऊंनी विचारलं. खरोखरच हळू.

ताईंनी पत्र त्याच दिवशी टाकलं. कार्ड एप्रिलमध्ये आलं. छापील नव्हतं, साधं होतं, त्यावर बोटीचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात मजकूर, की केंद्राला कुलूप लागलं आहे, पण तुमचं पत्र माझ्या घरी पोचवलं गेलं, आणि होय, खोकणारा मीच. ते कार्ड ताईंनी खोक्यात ठेवलं नाही. देवाजवळही नाही. पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवलं, येता-जाता दिसेल असं.

मे महिन्यात दिगूभाऊंनी सदाभाऊंना भेटायला जायचं ठरवलं. पत्ता मेव्हण्याकडून मिळवला. पण एकट्यानं जायचा धीर होईना. ताईंना म्हणाले, तू चल. मी बोललो की तो दार लावंल. ताईंनी तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. मी त्यांना सोडायला मांडव्याच्या बंदरापर्यंत गेलो. दिगूभाऊंच्या खांद्यावर नारळाचं पोतं, हातात सुपारीची पिशवी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. ताई धक्क्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लाँचमध्ये तासभर काढायचा यांच्याबरोबर. काय बोलू?" मी हसलो. 

सदाभाऊंनी दार उघडलं. एवढं मला कळलं, कारण त्या दिवाळीत ते गावी आले, असं नंतर यशवंतकाकांनी कळवलं. त्या घरात कोण काय बोललं, ते मात्र मला कधीच समजलं नाही. ताईंना विचारणं शक्य नव्हतं. पुढं मी सुट्टीला गावी गेलो, जूनमध्ये माझी बदली झाली, आणि ताईंना त्या मांडव्याच्या सकाळनंतर मी नीट असं पाहिलंच नाही. निघताना धावपळीत झालेला नमस्कार, तो काही भेटीत धरता येत नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या.

मला त्या आठवतात त्या लाँचमधल्या. भोंगा झाला, दोर सुटला, लाँच धक्क्यापासून हातभर, मग वावभर सरकली. वरच्या मजल्यावर कठड्याशी त्या दोघांना जागा मिळाली होती. मी हात केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ताई थोड्या पुढे वाकल्या होत्या. उजव्या हाताची बोटं एकेक करून दुमडत काहीतरी सांगत होत्या, पहिलं, दुसरं, तिसरं, मग दुसरा हात घेतला. मधेच पदर सावरला आणि पुन्हा सुरू झाल्या. दिगूभाऊ पोतं पायांत धरून, मान खाली घालून ऐकत होते. लाँच पार वळून मुंबईकडे लागली, माणसं बोटाएवढी झाली, तरी हातांच्या हालचालीवरून मला दिसत होतं की आयुष्यभर ऐकत आलेल्या ताई अजून बोलतायत.